निवृत्त जवानाची झोप उडते, तेव्हा कुठे जावे?

प्रश्न (खानापूर): मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले माझे थोरले दीर काश्मीरमधील चकमकीनंतर रात्री दचकून उठतात, वरातीतले फटाके ऐकून घामाघूम होतात आणि विषय काढताच उठून जातात. उपचार जवळपास मिळतील का?

उत्तर (निपाणी): हे महिनाभराहून अधिक टिकले असेल, तर तो आघातोत्तर तणावविकार (पीटीएसडी, भयंकर अनुभवानंतर मनावर टिकून राहणारा ताण) असू शकतो, त्यावर समुपदेशनाचा आणि औषधांचा उपयोग होतो. बेळगावच्या ईसीएचएस (माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमध्ये आधी दाखवावे.

उत्तर (बेळगाव, माजी सुभेदार): धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्थाही जवळच आहे. दीर यायला तयार नसतील, तर १४४१६ या टेलि-मानस (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा) क्रमांकावर आधी घरच्यांनीच बोलावे. दारू वाढली असल्यास तेही सांगावे, कारण पलटणीत ‘वेडा’ ठरण्याच्या भीतीने पुष्कळ जण झोपेसाठी तोच मार्ग धरतात.