एका मतासाठी पुण्याहून नागपूरला यावे का?

प्रश्न (मानेवाडा, सध्या पुणे):
माझे नाव नागपूरच्या मतदार यादीत आहे आणि नोकरी पुण्यात आहे. १९ एप्रिल २०२४ रोजी ऐन उन्हाळ्यात रात्रभर प्रवास करून मी लोकसभेसाठी मत दिले, आणि निकालात विजयाचा फरक १ लाख ३७ हजार ६०३ मतांचा निघाला. मी आलो नसतो तर शेवटचा आकडा एकाने बदलला असता, इतकेच. मतदान हे कर्तव्य आहे, हे घरी रोज ऐकतो. मला हिशेब हवा आहे.

उत्तर (भंडारा):
त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला आमच्या साकोलीत नाना पटोले अवघ्या २०८ मतांनी निवडून आले. आमच्याकडे लग्नाच्या एका पंगतीला याहून जास्त माणसे असतात. राजस्थानातील नाथद्वाऱ्यात तर २००८ साली विधानसभेलाच सी. पी. जोशी एका मताने हरले.

उत्तर (धरमपेठ):
ही उदाहरणे खरी असली तरी अपवादात्मक आहेत, आणि लोकसभेला आपल्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य आहे, हे मान्य केलेले बरे. परंतु मताचा उपयोग केवळ जिंकण्या-हरण्यापुरता नसतो. नागपुरातील फरक २०१४ मध्ये सुमारे २ लाख ८४ हजार, २०१९ मध्ये २ लाख १६ हजार आणि २०२४ मध्ये १ लाख ३७ हजार असा उतरत गेला, तो एकेका मतानेच. आणि पुढची उमेदवारी ठरवताना पक्ष हेच आकडे पाहतात. पराभूत उमेदवाराची अनामतही वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली तरच वाचते.

उत्तर (सदर, नागपूर):
नागपूरच्या सुमारे २२ लाख मतदारांपैकी जवळपास १० लाख त्या दिवशी घरी राहिले. हा आकडा विजयाच्या फरकाच्या सातपट भरतो. त्यांतील अनेकांनी आपल्यासारखाच हिशेब केला असणार. आणखी एक गोष्ट, जराशी विषयाबाहेरची: कायद्याप्रमाणे आपण सामान्यतः राहतो तेथेच नाव असावे लागते. अर्ज क्रमांक ८ भरून ते पुण्यात नेता येते.

प्रश्नकर्ता:
धरमपेठच्या उत्तराने शंका बरीचशी फिटली. अर्जाचे मात्र मनात आले नव्हते. आई-बाबा मानेवाड्यात असल्यामुळे नागपूरचे मत सोडवत नाही, पण ज्या रस्त्यावरून मी रोज ऑफिसला जातो तो पुण्याचा आहे, हेही खरे.