मदत हवी आहे: लाकूड कातायच्या जुन्या लेथची फेसप्लेट आणि टेलस्टॉक गंजून जाम

वेंगुर्ल्याचा_सुतार
बिडाची जुनी लेथ घेतली आहे, लाकूड कातायची. चार पावसाळे पडवीत पडून होती. फेसप्लेट (लाकूड बसवायची चकती) स्पिंडलवर (फिरणाऱ्या दांड्यावर) जाम, टेलस्टॉकची (लाकडाचं दुसरं टोक धरणाऱ्या भागाची) मागेपुढे सरकणारी स्लीव्हही जाम. दोन दिवस डब्ल्यूडी-40 मारतोय. पान्याला चार फुटी पाइप लावून जोर काढला, तसूभर हलत नाही. गणपतीच्या मखराचे आठ खांब कातायचे आहेत. लवकर सांगा.

बीडकाम
स्पिंडल कशाने अडवलंत? बेअरिंग कुठली, बॉल की बुश (धातूची साधी नळी)? प्लेट कुठल्या दिशेने फिरवताय? फोटो टाका.

वेंगुर्ल्याचा_सुतार
नट सोडवतो तशीच, घड्याळाच्या उलट. पुलीच्या भोकात पिन अडकवून स्पिंडल अडवलंय. बेअरिंग उघडून पाहिलेली नाही.

जुना_फिटर
ती पिन आधी बाहेर काढा. ती भाग पाडण्यासाठी (इंडेक्सिंग) असते, जोर सोसण्यासाठी नाही. चार फुटी पाइपच्या जोरात पिन तुटते, नाहीतर पुलीचं भोक फुटतं, आणि बिडाच्या पुलीला वेल्डिंग नीट बसत नाही. जुना पट्टा पुलीवर दोन वेढे घेऊन त्याचं टोक बेडला (लेथच्या खालच्या लांब सांगाड्याला) घट्ट बांधा.

डब्ल्यूडी-40 मुळात ओल हटवण्यासाठी बनवलेलं आहे. गंजलेल्या आट्यांसाठी एटीएफ (पॉवर स्टीअरिंगचं लाल तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मंनिम्मं घ्या. 100 मिली पुरे. दोन्ही एकजीव होत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून लगेच सोडा. सकाळ-संध्याकाळ, दोन दिवस.

भट्टीवाला
तेलात दिवस घालवू नका. गॅसची बत्ती घ्या, प्लेटचा हब (मधला जाड भाग) तापवा, दोन मिनिटांत सुटेल.

जुना_फिटर
अ‍ॅसिटोन सोडल्यावर बत्ती? भडका उडेल. आणि बेअरिंग कुठली ते कळल्याशिवाय हेडस्टॉकजवळ (स्पिंडल धरणाऱ्या भागाजवळ) आच नकोच. जुन्या लेथमध्ये व्हाइट मेटलचे बुश असू शकतात. ते साधारण 240 अंशांला वितळायला लागतं, मऊ त्याआधीच पडतं. हेडस्टॉकवर तेलाच्या कुप्या आहेत का बघा. असतील तर बहुतेक बुशच.

घाटावरचा
मळीचं पाणी करा. एक भाग मळी, दहा भाग पाणी, तीन आठवडे बुडवून ठेवा. गंज जातो, लोखंडाला धक्का नाही. मळी मिळाली नाही तर काकवी.

बीडकाम
गणपतीला तीन आठवडे उरलेत का? शिवाय मळी सुट्या भागांसाठी बरी, बेअरिंगसकट हेडस्टॉक बुडवणार कसा?

घाटावरचा
टेलस्टॉक तरी बुडवता येतो. हल्ली मळी मिळवणंही सोपं नाही, राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे. पशुखाद्याच्या दुकानात चौकशी करा.

मोटरवाइंडिंग
एक एचपीची थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) बसवा. वेग हवा तसा मिळेल, पट्टा बदलावा लागणार नाही.

वेंगुर्ल्याचा_सुतार
मोटर चालू आहे हो, प्रश्न तो नाहीच. कुप्या आहेत, दोन, पितळी झाकणाच्या. आणि प्लेट डाव्या टोकाला आहे, मोठी ताटं कातायची असते ती. फोटो रात्री टाकतो.

बीडकाम
डाव्या टोकाला! हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. तिथे बहुतेक लेथना उलटे आटे असतात, म्हणजे लाकूड कापताना प्लेट सुटत नाही, आवळत जाते. दोन दिवस तुम्ही ती घट्टच करताय. हबच्या मागे आटे दिसत असतील तर बाजूने पाहा. स्पिंडल उभा धरल्यासारखा कल्पून आटा डावीकडे चढत असेल तर उलटा. मग प्लेटसमोर उभं राहून घड्याळाच्या दिशेने फिरवायची. हबवर ग्रब स्क्रू (डोकं नसलेला, आत बसणारा स्क्रू) आहे का तेही बघा. गंज आणि रंगाखाली तो दिसत नाही. असला तर आधी काढा.

पाइप नको. प्लेटच्या भोकांतून बोल्ट मारून बाभळीची दोन फुटी फळी बसवा आणि तिच्या टोकावर लाकडी हातोड्याने झटके द्या. सलग जोरापेक्षा झटक्याने गंजाची पकड तुटते.

भट्टीवाला
तरी आच लागेलच, आवळलेली आहे.

जुना_फिटर
लागली तर हीट गन, फक्त हबला, बाहेरून. अ‍ॅसिटोन पूर्ण उडून गेल्यावर. बेडखालचा भुसा आधी झाडून काढा, तो धुमसतो. हब आणि बेअरिंगच्या मध्ये ओलं फडकं गुंडाळा. 25 मिमी भोकाचा हब 100 अंशांनी तापला तर भोक जेमतेम 0.027 मिमी वाढतं. तेवढं पुरतं, पण स्पिंडल गार राहिला तरच. सावकाश तापवाल तर दोन्ही सारखेच फुगतील. हबवर पाण्याचा थेंब चरचरला की थांबा आणि झटका द्या.

वेंगुर्ल्याचा_सुतार
आटे उलटेच आहेत. ग्रब स्क्रूही सापडला, रंगाने भरलेला. काढला आणि घड्याळाच्या दिशेने पाचव्या झटक्याला सुटली, आच लागलीच नाही. आता स्लीव्ह. हँडव्हील अर्धा आटा जातं आणि अडतं.

बीडकाम
हँडव्हीलला पाइप लावू नका, आतल्या स्क्रूची कॉलर तुटेल. हा स्क्रू बहुतेक वेळा डाव्या आट्याचा असतो, त्यामुळे घड्याळाच्या दिशेने फिरवलं की स्लीव्ह बाहेर येते. टेलस्टॉकच्या बाजूला किंवा खाली एक स्क्रू असेल. त्याचं टोक स्लीव्हच्या खाचेत बसून तिला गोल फिरू देत नाही. तो आणि लॉकची दांडी काढा. टेलस्टॉक बेडवरून उतरवून उभा ठेवा आणि त्याच भोकांतून तेल सोडा. एक रात्र. मग थोडं आत, थोडं बाहेर असं हलवत राहा. सरळ बाहेर ओढलं तर सुटलेला गंज पुढे गोळा होऊन पुन्हा अडकेल. स्लीव्हला पाइप पाना लावलात तर ओरखडे पडतील आणि ती परत आत जाणार नाही.

जुना_फिटर
साफ झाल्यावर बेडला मेण चोळा. सिलिकॉनचा स्प्रे नको. तो लाकडावर गेला तर पॉलिशला डोळे (बारीक गोल खड्डे) पडतात, आणि मखराच्या खांबांवर ते लगेच दिसतील.