मदत हवी आहे: सिगरेट बंद आहे तरी टेस्ट पॉझिटिव्ह, ऑपरेशन पुढं ढकललं

भुकेला_बावडेकर
कुणाला माहीत असेल तर जरा लवकर सांगा. वजनाचं ऑपरेशन ठरलंय, पुण्यात. डॉक्टर म्हणाले आधी सिगरेट पूर्ण बंद मग तारीख. केली बंद. गणपती बसले त्या दिवसापासून एक ओढलेली नाही, बायकोला विचारा पाहिजे तर. आणि परवा लघवीची टेस्ट केली तर पॉझिटिव्ह. तारीख गेली. रजा मंजूर करून घेतलेली, आता साहेबाला काय सांगू. लॅबवाल्यानं बाटल्यांची अदलाबदल केलीय, माझी शंभर टक्के खात्री आहे. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट दाखवला तर डॉक्टर मानतात का? एवढंच सांगा.

राजारामपुरीची_ताई
ऑपरेशन कुठलं, स्लीव्ह (नुसतं पोट कापून लहान करतात ते) का बायपास (पोट लहान करून पुढच्या आतड्याला जोडतात ते)? शुगर आहे? सिगरेटच्या जागी काय घेताय? हे लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार.

नादखुळा
भावा ऑपरेशन कशाला लका, मौंजारो, वजन उतरवायचं इंजेक्शन, आलंय की भारतात, २०२५ च्या मार्चपासून मिळतंय. माझा मेव्हणा आठवड्याला एक इंजेक्शन घेतोय, मिसळीला बसला तर परत कट मागत नाही. आधी मागं सरायचा नाही.

भुकेला_बावडेकर
इंजेक्शन विचारलंय का मी? बायपास आहे. वजन १३०, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४३ च्या वर, शुगर आहे, रात्री मशीन लावून झोपतो. सिगरेटच्या जागी काही नाही, तो गम तेवढा.

राजारामपुरीची_ताई
कुठला गम??

भुकेला_बावडेकर
निकोटिनचा, मेडिकलमधला, ४ एमजी. सिगरेट सोडायलाच असतोय तो, त्यात काय सांगायचं.

पांढरा_जास्त_वाढा
लॅबमध्येच काम करतो म्हणून सांगतो, बाटली बदलली म्हणायच्या आधी जरा वाच. ही टेस्ट धूर शोधत नाही, कोटिनीन शोधते. निकोटिन अंगात मोडलं की त्याचं कोटिनीन होतं, मग ते सिगरेटचं असो, गमचं असो नाहीतर पॅचचं, टेस्टला सगळं सारखंच. त्यातलं निम्मं उतरायला साधारण १६ ते २० तास जातात, रोज घेणाऱ्याचं लघवीतून पूर्ण जायला आठवडा, कधी जास्तच. गम चालू असताना दुसऱ्या काय दहाव्या लॅबमध्ये पण पॉझिटिव्हच येणार. धूर बंद आहे हे दाखवायचं तर फुंकायची कार्बन मोनॉक्साइडची टेस्ट असते, पण ती मागच्या एखाद्या दिवसाचंच सांगते. ॲनाबेसिन (तंबाखूत असतं, गममध्ये नसतं) तपासलं तर तंबाखू का गम हे पण कळतं, पण ते सगळीकडं होत नाही. सर्जनला गमचं स्पष्ट सांग. काहीजण गम चालवून घेतात, काहींना निकोटिनच नको असतं.

जुना_पैलवान
गम बिम सगळा पोरखेळ. निपाणीची तंबाखू पोत्यानं बघितलेला माणूस मी, बिडी एका दिवसात टाकली. मनात आणलं की सुटतंय. आणि ऑपरेशनच्या तोंडावर सोडू नये, कफ उसळतो, आमच्या वेळचे डॉक्टर सांगायचे.

राजारामपुरीची_ताई
काका, कफाची ती जुनी समजूत झाली. कधीही सोडली तरी फायदाच, फक्त जितकी आधी तितकी बरी, म्हणून तर निदान सहा आठवडे सांगतात. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात, मग आत जोडलेल्या आतड्याला रक्त कमी पोचतं, टाका लीक होतो, जखम चिघळते. आणि मनावर घेऊन सगळ्यांचं सुटलं असतं तर एवढ्या पानपट्ट्या चालल्या असत्या का. बावडेकर, डॉक्टरांना व्हेरेनिक्लिन गोळीबद्दल विचारा. तिच्यात निकोटिन नसतं त्यामुळं टेस्टची भानगड नाही. आमच्या ह्यांनी बारा आठवडे घेतली. मळमळ व्हायची, स्वप्नं तर अशी पडायची की रात्री उठून दार लावलंय का बघायचे, पण सुटली. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी सांगा, डोस बदलतो.

जुना_पैलवान
गोळी सोडायला परत कुठली गोळी?

शाहूपुरी_३री_गल्ली
सुटली म्हणून पुढं पण जपा हो. माझ्या नणंदेच्या मिस्टरांचा बायपास झाला, वर्षभर छान, पँटी तीनदा आवळून घेतल्या. मग मित्रांबरोबर गोव्याला गेले, एकच म्हणत म्हणत पाकिटावर आले. एक दिवस ऑफिसातच चक्कर, शी डांबरासारखी काळी. एंडोस्कोपी केली तर पोट आणि आतडं जोडलंय बरोबर तिथंच अल्सर. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, सिगरेट चालू केली का? नणंद आधी नाहीच म्हणाली, तिला माहीतच नव्हतं. बायपासवाल्यांना आयुष्यभर बंदच म्हणे.

गंगावेशकर
बाकी सगळं झालं, मावा खातोस का नाही ते सांग 😀 बावड्याचा आहेस म्हणून विचारतोय.

भुकेला_बावडेकर
जेवण झाल्यावर. ते पण अर्धा. मावा काय धूर आहे का?

पांढरा_जास्त_वाढा
😂😂 आणि लॅबवाला चोर.

गंगावेशकर
भावा प्लास्टिकच्या कागदात सुपारी, चुना आणि तंबाखू घेऊन पानपट्टीवाला ते मांडीवर घासतोय ना, त्यातली तंबाखू म्हणजे निकोटिनच की. दाढेत धरलास की सावकाश तासभर उतरतंय. गम सोडलास आणि मावा ठेवलास तर परत पॉझिटिव्ह. बाकी अर्धा मावा खाणारा माणूस मी अजून बघितला नाही.

नादखुळा
अर्धा सकाळी अर्धा दुपारी 😂 मावा कुणाचा बेस्ट पण, आमच्या लक्ष्मीपुरीत एकजण केशर घालतोय.

राजारामपुरीची_ताई
इथं माणूस सोडायचं बघतोय आणि तुम्ही पत्ते कसले देताय!

मिसळ_कट_वेगळा
इन्शुरन्सचं बघितलंस का? आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी संस्था) २०१९ च्या नियमात बीएमआय ४० च्या वर असेल तर वजनाचं ऑपरेशन कव्हरमध्ये येऊ शकतं, ३५ च्या वर असेल तर सोबत आटोक्यात नसलेली शुगर किंवा जोराचा स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकतो तो) असं काहीतरी लागतं. पॉलिसीचा वेटिंग पिरियड तेवढा वाच.

भुकेला_बावडेकर
इन्शुरन्स झालाय हो, कशाला ते. दुसराच घोळ आहे. सिगरेट सोडल्यापासून सारखी भूक, शेंगदाणे, फुटाणे, दिसेल ते तोंडात, आणि इकडं आहारतज्ज्ञ मॅडम म्हणतात वजन वाढलं तर परत तारीख जाईल. हात पण थरथरतात. म्हणून तर गम चालू ठेवलाय.

राजारामपुरीची_ताई
चहा किती घेता? सिगरेट सुटली की कॅफिन अंगातून उतरायला जास्त वेळ लागतो, तेवढाच चहा डबल लागतो. थरथर त्यानंच असेल. पण शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर थरथरल्यावर आधी शुगर तपासा, कमी झालेली असू शकते. आणि गम चहाबरोबर चघळत असाल तर तो नीट लागतच नाही, पंधरा मिनिटं मध्ये जाऊ द्यावी लागतात.

भुकेला_बावडेकर
चहा मोजत नाही मी. ऑफिसात येतोय तसा घेतो.

शाहूपुरी_३री_गल्ली
१८००-११-२३५६ ही सरकारी फुकट हेल्पलाइन आहे तंबाखू सोडायची, फोन करा. मिश्रीवाल्या बायकांना पण सांगा, आमच्या सासूबाई अजून म्हणतात ती दातासाठी असते.

भुकेला_बावडेकर
हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर मॅडमना फोन केला. गम ऐकून म्हणाल्या हे फॉर्मवर का नाही लिहिलं, फॉर्मवर फक्त सिगरेट-बिडी विचारलेली, मी काय करू. मावा सांगितल्यावर दोन मिनिटं गप्प बसल्या. आता गम बंद, मावा बंद, त्या गोळीचं सोमवारी डॉक्टरांना विचारायचं, टेस्ट परत दिवाळीनंतर. साहेबाला अजून सांगितलेलं नाही.

जुना_पैलवान
दिवाळीत फराळाचं काय करणार मग?