'पाट्या टाकणे' : नक्की कामाबद्दल की करणाऱ्याबद्दल?

परवा बहिणीला फोनवर म्हटलं, काही नाही गं, पाट्या टाकतेय. आणि मग तो शब्द डोक्यातून जाईचना. ही पाटी म्हणजे टोपली हे तर सगळ्यांना माहितीये, मंडईत पाटीवाला असतोच, पण डोक्यावरून माती वाहणं हे इतकं जीव काढणारं काम, त्याचा अर्थ 'मन न लावता काम उरकणं' असा कसा झाला? मला तर हा कष्ट करणाऱ्यांवर अन्याय वाटतो. वेठ, बिगार हे शब्द पण याच घरातले ना? जाणकारांनी सांगा प्लीज.

— — —

ताई, वेठ आणि पाट्या एकात घालू नका. वेठ हा संस्कृत विष्टि वरून आलाय, म्हणजे सक्तीचं, बिनमोबदल्याचं काम. तिथे करणाऱ्याला विचारतंय कोण? बिगार पण तेच, फारसीतून आलेला. गंमत बघा, आज बांधकामावरचा बिगारी रोजची मजुरी घेतो, म्हणजे सक्ती गेली पण शब्द राहिला. पाट्या टाकणारा मात्र पगार घेऊन टाकतो. वेठीत मन नसणं हा त्या माणसाचा दोष नाहीच, पाट्यांमध्ये थोडा तरी असतो. म्हणून ऑफिसातल्या कंटाळ्याला कोणी 'वेठबिगारी' म्हटलं की मला राग येतो, तो शब्द ज्यांच्या पिढ्या त्यात गेल्या त्यांचा आहे.

— — —

माझी आजी ७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती, तेव्हा मिळणाऱ्या सुकडीची चव तिला शेवटपर्यंत आठवायची. तिच्याकडून ऐकलेलं सांगतो. डोक्यावर चुंबळ, त्यावर पाटी, आणि बांधावर गेल्यावर ती नुसती उलटी करायची नाही, माती सारखी पसरायची, ढेकळं फोडायची, मग वर पाणी मारून धुम्मसनं ठोकून घट्ट करायची. जो ढीग टाकून मागे न बघता खाली उतरायचा त्याच्या जागी बांध पोकळ राहायचा आणि पाणी तिथूनच वाट काढायचं. त्यामुळे माझा अंदाज असा की या वाक्प्रचारात दोष पाटीला नाही, 'टाकणे' ला आहे. आजी स्वतः कधी 'पाट्या टाकल्या' म्हणायची नाही, 'बांध घातला' म्हणायची. मजुरी दोघांनाही तीच, उन्हाचा ताप पण तोच, पण तिच्या बोलण्यात त्या दिवसांचा शीण कधी जाणवला नाही, बांध कुठून कुठवर गेला तेच सांगत बसायची.

— — —

मूळ प्रश्न विचारणारी मीच. वाचून अंगावर काटा आला खरंच. माझं काम सांगते, जुन्या कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या. दिवसाचं टार्गेट असतं, पान उलटा, टाइप करा, पुढे. गेल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ आले, नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद हवी होती, तीन महिने हेलपाटे घालत होते. नोंद होती, पण चढवताना कोणीतरी नावातलं एक अक्षर चुकवलेलं म्हणून सर्चमध्ये येतच नव्हती. ते कोणीतरी मीसुद्धा असू शकते. म्हणजे तो बांधातला पोकळ भागच झाला की. तेव्हापासून शाई पुसट असली की मी भिंग घेते, मागचं-पुढचं पान बघते, थोडा वेळ जास्त जातो पण दिवस लवकर संपतो, हे कसं काय ते मला अजून कळलेलं नाही. टार्गेट तेवढंच आहे, खुर्ची पण तीच कुरकुरणारी.

अन्यायाचं माझं म्हणणं मागे घेते. आता उलटा प्रश्न, असं मन लावून केलेल्या कामाला रोजच्या बोलण्यातला शब्द कोणता? 'निगुतीनं' आमच्याकडे फक्त स्वयंपाकघरात ऐकू येतो, लोणचं निगुतीनं घातलं वगैरे. तुमच्याकडे शेतात, वर्कशॉपमध्ये, गवंडीकामात काय म्हणतात?

— — —

आमच्याकडे गवंडी 'हात राखून करू नको' म्हणतात. सुतारकाम करणारे वडील 'कामात जीव घाल' म्हणायचे. पण निगुतीनं बाहेर आणा की, नोंद निगुतीनं चढवली, काय वाईट आहे?