मदत हवी आहे: रणगाड्याच्या ट्रॅक लिंकचं कच्चं फोर्जिंग, परवाना कोण देतं?

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं फोर्जिंगचं छोटं युनिट आहे. आजवर ट्रॅक्टर-ट्रकचेच जॉब केले. आता युरोपातल्या एका गिऱ्हाइकाला ट्रॅक लिंक, म्हणजे रणगाड्याच्या चाकांवरच्या पट्ट्याचे दुवे, हव्यात; आम्ही फक्त फोर्जिंग, म्हणजे ठोकून घडवलेला कच्चा तुकडा द्यायचा, मशीनिंग ते तिकडे करणार. त्यांच्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा मालाच्या वर्गीकरणाचा आकडा, ८७१० आहे, म्हणजे रणगाडे, चिलखती गाड्या आणि त्यांचे भाग. आमचे सीएचए (कस्टम्सचं काम बघणारे एजंट) म्हणतात, "कच्चाच तर माल आहे, ८७०८ टाका, मोटारीचे पार्ट म्हणून निघून जाईल." मला काही हे पटत नाही.

स्कोमेटची, म्हणजे निर्यातीला परवाना लागणाऱ्या लष्करी व संवेदनशील मालाची सरकारी यादी उघडली आणि डोकं गरगरलं. मशीनिंग न झालेला तुकडा तिच्यात येतो का? येत असेल तर अर्ज डीजीएफटीकडे (परकीय व्यापार महासंचालनालयाकडे) करायचा का? आणि गिऱ्हाइकाला आधी थोडी सॅम्पल हवीत, तीही फुकट. त्यांनाही परवाना लागेल?

प्रतिसाद:

सीएचएंचं ऐकू नका. एचएस कोड बदलला म्हणून वस्तू बदलत नाही. स्कोमेटमध्ये बघतात ते वस्तू कशासाठी खास घडवली आहे ते. कॅटेगरी ६ म्हणजे लष्करी सामानाची यादी, आणि तिच्यात फोर्जिंग, कास्टिंग व इतर अर्धवट मालाची वेगळी नोंदच आहे. आकारावरून किंवा धातूवरून भाग कशाचा ते ओळखू येत असेल तर तो आत. ट्रॅक लिंक न ओळखणारा कस्टम्सवाला मी तरी पाहिला नाही.

डीजीएफटी बाकीच्या कॅटेगरी बघतं. अणुऊर्जेची कॅटेगरी ० त्या खात्याकडे आणि ६ संरक्षण मंत्रालयाच्या डीडीपीकडे (संरक्षण उत्पादन विभागाकडे). त्यांचं ऑनलाइन पोर्टल आहे. पीओ, ड्रॉइंग, तांत्रिक माहिती आणि एंड यूज सर्टिफिकेट (माल शेवटी कोण, कशासाठी वापरणार याचा दाखला) तयार ठेवा. तुमचं गिऱ्हाईक मधला पुरवठादार दिसतंय, तेव्हा भाग शेवटी कुणाच्या गाडीला लागणार हे आत्ताच लेखी मागवा. फाईल बहुतेक तिथेच अडते.

परवान्याशिवाय माल गेला तर परकीय व्यापार कायद्याच्या कलम ११ खाली मालाच्या किमतीच्या पाचपट दंड होऊ शकतो, शिवाय कस्टम्सचं प्रकरण वेगळंच.

धागाकर्ता: आभारी आहे. सॅम्पलचं राहिलं.

प्रतिसाद: फुकट असली तरी निर्यातच. आणि तुमच्याकडून डाय किंवा प्रोसेसची ड्रॉइंग ईमेलने मागितली तर तीही अर्जात दाखवा, तंत्रज्ञानही यादीत आहे.