शनिवारचं टेबल: कानातल्यांचे हूक बदलायचे का? (आजच सांगा प्लीज)

मंगळवार, रात्री ११.१०

मंडळी नमस्कार,

शनिवारच्या क्राफ्ट शोबद्दलच आहे पण टेबलक्लॉथबद्दल नाही, ते माझं आणि काकांचं बोलणं झालंय. मागच्या वेळी निळ्या मण्यांचे झुमके ज्यांनी घेतले त्या आज लायब्ररीत भेटल्या आणि केस बाजूला करून कान दाखवला. पाळी लालबुंद, भोकाभोवती बारीक पुरळ आणि त्यातून पाणी येत होतं. चिडल्या अजिबात नाहीत, उलट म्हणाल्या डिझाइन इतकं आवडलं की खाज सुटली तरी तीन दिवस घातले. मला तिथेच कसंतरी झालं. मणी, तार, गुंफण सगळं माझं आहे पण हूक ते १४४ च्या पाकिटातले आणि पाकिटावर नुसतं 'सिल्व्हर टोन' लिहिलंय, धातू कुठला ते नाही. मागे ८ जोड विकले गेले, शनिवारसाठी ६४ तयार आहेत, म्हणजे १२८ हूक. बदलायचे तर तीनच संध्याकाळी हातात आहेत. कुणाला धातूतलं कळतं का? आणि त्या ८ पैकी कुणी इथे असेल तर आधी ते घालणं बंद करा.

वि.

बुधवार, सकाळी ६.३५

वि.,

एवढं घाबरण्यासारखं काही नाही. हा निकेल या धातूच्या अ‍ॅलर्जीचा प्रकार दिसतोय. निकेल लोहचुंबकाला चिकटतं हे आपण शाळेत शिकलोय, तेव्हा चुंबक घे, हुकांवरून फिरव, चिकटले तर बाजूला काढ, नाही चिकटले तर निर्धास्त विक. दहा मिनिटांचं काम आहे. स्टोअररूममध्ये नोटीस बोर्डाचे चुंबक आहेत, पण मला विचारल्याशिवाय नेऊ नका, मागच्या वेळी चार कमी भरले.

काका (स्टोअर)

बुधवार, सकाळी ८.०२

काकांचा मान राखून सांगतो, चुंबकाची परीक्षा इथे चालत नाही. शुद्ध निकेल चिकटतं हे बरोबर, पण हूक शुद्ध निकेलचे कधीच नसतात. आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो त्यात चांदीचा कणही नसतो, तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू तो, आणि चुंबकाला चिकटत नाही. उलट साधं पोलाद चिकटतं आणि त्यात निकेल असेलच असं नाही. म्हणजे चुंबक दोन्हीकडून फसवणार.

दुसरी शक्यता अशी की हूक पितळेचा, त्यावर निकेलचा थर आणि वर चांदीचं पाणी. मी अकरा वर्षं मुलाम्याच्या कामात काढली आहेत, वरचा थर छान दिसावा म्हणून खाली निकेल देणं ही अगदी रोजची गोष्ट. वरचं पाणी केसाहूनही कितीतरी पातळ असतं, भोकात घासून घासून उडतं आणि मग घामातल्या मिठानं खालचं निकेल थोडं थोडं सुटायला लागतं. हार किंवा ब्रेसलेट कातडीवर असतं, हूक कातडीच्या आत जातो, म्हणून त्रास तिथे सगळ्यात जास्त. युरोपात म्हणूनच टोचलेल्या भागात जाणाऱ्या दागिन्यांना जास्त कडक मर्यादा आहे, आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटलं पाहिजे. कातडीला नुसतं लागणाऱ्या वस्तूंना ०.५.

अ.

बुधवार, सकाळी ८.४०

अ. दादा खूपच टेक्निकल झालं :) वि., सोपा उपाय आहे, हुकांना पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दे, रात्रभर सुकू दे. माझ्या सगळ्या खोट्या दागिन्यांना मी हेच करते आणि आजपर्यंत काहीही झालेलं नाही. १२८ हूक म्हणजे एका बाटलीचंही काम नाही.

शि.

बुधवार, सकाळी ९.१५

शि., स्वतःच्या वस्तूला लावणं वेगळं आणि दुसऱ्याला विकणं वेगळं, हे मी अनुभवानं सांगते.

मी चौदा वर्षांची असताना कान टोचले तेव्हापासून मला निकेलची अ‍ॅलर्जी आहे. पहिल्या कानातल्यांनीच झाली असं डॉक्टरांनी सांगितलं. एकदा शरीरानं निकेल ओळखलं की ते जन्मभर विसरत नाही. मग जीन्सचं बटण लागतं तिथे पोटावर चट्टा, घड्याळाच्या मागच्या झाकणाचा गोल डाग मनगटावर, चष्म्याच्या काडीनं कानामागे. नेलपॉलिशचे सगळे प्रयोग माझे करून झालेत. आठ-दहा वेळा घातलं की हुकाच्या बाकावर पॉलिश फुटतं आणि फुटलेली कड भोकात टोचते, म्हणजे आधी जखम आणि मग त्यात निकेल. विकत घेणाऱ्या बाईला तर पॉलिश लावलंय हेसुद्धा माहीत नसणार, ती परत लावणार कशी?

आणि वि., मागच्या वेळी मी तुझ्या टेबलावरून नुसतं बघून गेले, काही घेतलं नाही, तुला वाईट वाटलं असेल. मी हुकाचं विचारणार होते, पण गर्दी होती आणि सगळ्यांसमोर विचारणं बरं वाटलं नाही. विचारायला हवं होतं.

नि.

बुधवार, सकाळी १०.२०

चुंबकाबद्दल अ. म्हणतात ते मला मान्य नाही, पण असो. टूलबॉक्समधल्या दोन पकडी आणि बारीक कानस शनिवारसाठी कुणी मागायच्या असतील तर आज सांगा. तो टूलबॉक्स नाटकाच्या सेटसाठी घेतलेला आहे, टेबलवाल्यांसाठी नाही. नेणाऱ्यानं वहीत सही करायची.

काका (स्टोअर)

बुधवार, दुपारी १.०५

वि., सगळं वाचलं. आठ-नऊ वर्षं मी शो करते आहे म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

६४ जोड टेबलावर मांडायचेच नसतात. गिऱ्हाईक तीन-चार सेकंद टेबलाकडे बघतं, सगळीकडे गच्च माल दिसला की नजर घसरते आणि पाय पुढे जातात. वीस-बावीस जोड डोळ्यांच्या उंचीला उभ्या स्टँडवर, बाकी डब्यात, विकेल तसं भरायचं. त्यामुळे तुला चाळीस जोड नीट करून आणले तरी शनिवार आरामात निघतो. टेबल सपाट ठेवू नकोस, मागच्या वेळी सगळं आडवं होतं आणि लोकांना वाकून बघावं लागत होतं, हे मला तेव्हाच सांगायचं होतं पण आधीच टेबलक्लॉथवरून एवढं झालं होतं.

हूक विकत घेऊ नकोस, घरी कर. माझ्याकडे ९२५ चांदीची २० गेजची तार आहे, २० गेज म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर, कानातल्याला तीच लागते. ९२५ म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक वेळा तांबं, माझी ही तार चांदी आणि तांब्याचीच आहे, विकणाऱ्याकडून लिहून घेतलंय. काळी पडते, पण पुसली की झालं, कान सुजत नाही. एका हुकाला साडेचार सेंटिमीटर धर, चाळीस जोडांना ३ मीटर ६० सेंटिमीटर, तेवढी नक्की आहे. गोल तोंडाच्या पकडीनं एका टोकाला बारीक कडी करायची, मग जाड मार्कर पेनवर तार वळवायची, शेपटीचं टोक किंचित बाहेर काढायचं. हलक्या हातोडीनं दोनदा ठोकलं की कडक होते. टोक मात्र गोल घासलंच पाहिजे. तार कापली की कडेला सुरीसारखी धार राहते, ती भोकात गेली तर धातू कितीही चांगला असून उपयोग नाही. बोटाच्या आतल्या बाजूवर ओढून बघ, ओरखडा जाणवला तर परत कानस.

जुना हूक काढताना कडी ओढून उघडू नका, बाजूला पिळून उघडा आणि तशीच बंद करा, नाहीतर गोल राहत नाही आणि झुमका गळून पडतो.

आणि ते 'सर्जिकल स्टील घ्या' कुणी सांगेल म्हणून आधीच लिहिते, त्यातल्या ३१६एल जातीच्या स्टीलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असतं. बाहेर फार कमी सुटतं म्हणून पुष्कळांना चालतं, पण नि.सारख्या बाईला मी ते देणार नाही. तिला टायटॅनियम किंवा निओबियम, म्हणजे निकेल नसलेला धातू.

मा.

बुधवार, दुपारी २.३०

मा. ताईंच्या मेलवरून एक प्रश्न, हूक विकतचे असतील तर आपण 'हँडमेड' असं बोर्डावर लिहू शकतो का? मागच्या मीटिंगमध्ये हा विषय अर्धवट राहिला. माझ्या मते जे विकत आणलं ते विकत आणलं.

शु.

बुधवार, दुपारी २.५२

मग मणी वि.नं भट्टीत केलेत का? तार तिनं ओढली का? शिंप्यानं बटणं विकत आणली म्हणून शर्ट त्यानं शिवला नाही असं म्हणायचं का? तयार दागिना आणून नुसती चिठ्ठी लावणं हे चूक, आणि ते कुणी केलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर परत नको. हूक, फिरकी, कडी विकतची चालते, फक्त बोर्डावर तसं लिहावं.

शि.

बुधवार, दुपारी ४.१०

शु. आणि शि., हा विषय मीटिंगला घेऊ, प्लीज. आत्ता हूक.

टेबलावर मंडळाचा बॅनर असणार आहे, तेव्हा कान सुजला तर तो मंडळाच्या नावानं सुजतो. कार्यकारिणीतल्या तिघांशी बोलले, धातू माहीत नसलेला एकही जोड शनिवारी टेबलावर नको असं ठरलंय. वि.वर राग म्हणून नाही, तिनं स्वतःहून सांगितलं याचं सगळ्यांना कौतुकच आहे. दुसरं, त्या ८ जोडांचं काय? पावतीबुक कुणाकडे आहे?

सेक्रेटरी

बुधवार, संध्याकाळी ५.४५

निकेल तपासायची खरी पद्धत सांगायची राहिली. डायमिथिलग्लायॉक्झिम नावाचं रसायन असतं, त्याचा आणि अमोनियाचा थेंब कापसाच्या काडीवर घ्यायचा आणि हूक अर्धा मिनिट चोळायचा. काडी गुलाबी झाली की निकेल सुटतंय. माझ्याकडे जुन्या कामातली दोन बाटल्यांची किट आहे, वि.कडे आठला आणतो. एक लक्षात ठेवा, काडी पांढरी राहिली म्हणजे 'आज सुटत नाही' एवढंच. वरचं पाणी उडालं की उद्या सुटेल. म्हणून एक नवा हूक आणि एक कानसेनं खरवडलेला, असे दोन्ही तपासू.

जाता जाता, निकेल हे नावच मुळात तक्रारीतून आलंय. जर्मन खाणकामगारांना तांब्यासारखं लाल दिसणारं खनिज सापडायचं पण त्यातून तांबं काही निघेना, म्हणून खाणीतल्या खोडकर भुताच्या नावानं त्याला कुप्फरनिकेल म्हणायला लागले. तसल्याच खनिजातून १७५१ मध्ये क्रॉन्स्टेट या स्वीडिश रसायनतज्ज्ञानं हा धातू वेगळा काढला.

अ.

बुधवार, रात्री ९.२०

अ. दादा आत्ताच गेले. नवा हूक, काडी पांढरी. खरवडलेला हूक, काडी स्वच्छ गुलाबी, नखाएवढा ठिपका. लायब्ररीतल्या बाईंनी परत दिलेला जोड तर न खरवडताच गुलाबी झाला, तीन दिवसांच्या वापरात पाणी उडालं होतं. काका, चुंबकही लावून बघितलं, तिन्हीतला एकही चिकटला नाही.

सगळे काढते. उद्या गुरुवारी साडेसहापासून माझ्याकडे, मा. ताई तार आणि पकड आणतायत, अजून दोन जणी हव्यात, घासायचं काम कुणालाही जमेल. पावतीबुक माझ्याकडेच आहे. ८ पैकी पाच जणींची नावं आहेत, त्यांना रात्री फोन केले, जोड परत द्या, हूक बदलून देते किंवा पैसे देते. तीन रोखीनं गेले, त्यांची नावं नाहीत.

वि.

गुरुवार, सकाळी ६.२०

चुंबकाचं मी मागे घेतो. टूलबॉक्स साडेसहाला घेऊन मीच येतो, वहीत सही नको. कानस चालवायला मला येतं. टेबलक्लॉथ मात्र धुतलेला आणि इस्त्री केलेला परत यायला हवा.

काका

गुरुवार, सकाळी ७.४८

त्या तीन रोखीतला एक जोड माझा! हिरवा, लांब. बहिणीला दिला, तिला आत्ताच फोन केला, ती म्हणते खाज येते पण गप्प बसले होते. मी संध्याकाळी घेऊन येते, घासायलाही बसते.

शु.

शुक्रवार, रात्री १२.१५

४३ जोड झाले. पाचपैकी चार जणींचे जोड परत आले, पाचवी उद्या शोला येऊनच देणार आहे. काकांनी एकट्यांनी पस्तीस टोकं घासली, एकही ओरखडत नाही, प्रत्येक मी बोटावर ओढून बघितलं. उरलेले २१ जोड हूक काढून डब्यात ठेवलेत, उद्या आणणार नाही. कार्डावर 'हूक: ९२५ चांदी, घरी बनवलेले' असं लिहिलंय, आणि नि., तुझ्यासाठी निओबियमचा एक जोड मा. ताईंनी करून दिलाय, टेबलाखाली तुझ्या नावाच्या पाकिटात आहे.

रोखीतले दोन जोड अजून सापडले नाहीत. एक लाल मण्यांचा गोल, एक पांढरा-काळा तीन पदरी. मागच्या शोला आपल्या शेजारी ज्यांचं मातीच्या भांड्यांचं टेबल होतं त्यांच्याकडेही गिऱ्हाइकं येऊन गेली होती, त्यांना सकाळी विचारते. तुमच्यापैकी कुणाला हे दोन कुणाच्या कानात दिसले तर कृपया तिथल्या तिथे सांगा आणि माझा नंबर द्या.

सकाळी साडेसातला हॉलच्या मागच्या दारापाशी. किल्ली काकांकडे.

वि.