बेगोनिया राजा: पावसाळ्यात देठ कुजतोय

प्रश्न: घोडबंदर रोड, ठाणे. रोपवाटिकेतलं रोप, निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बंद बरणी. देठाच्या बुडाशी पाणचट काळा डाग पडतो, दोन दिवसांत पान आडवं. काय चुकतंय?

– कोकोपीट, ताई! आपल्या पावसात ते वाळतच नाही, मुळं गुदमरतात. मलेशियातल्या या दुर्मिळ रोपाला ओल हवेत लागते, मुळाशी साचलेली नाही. स्फॅग्नम मॉस (ओल धरणारं शेवाळ) 2 भाग, परलाइट (पांढरे हलके खडे) 1 भाग घ्या. मॉस घट्ट पिळून मगच भरा. झाकण रोज अर्धा तास उघडं.

– आधी नव्या रोपासाठी एक निरोगी पान वाचवा. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने पानाच्या त्रिकोणी पाचरी कापा, प्रत्येकीत मुख्य शीर हवीच. टोक 1 सेंमी मॉसमध्ये खोचा.

– बदली म्हणून ठाण्याच्या येऊर डोंगरातला रानबेगोनिया कृपया उपटू नका, तो भाग राष्ट्रीय उद्यानात येतो.